मोहाच्या वेळी देव कुठे असतो?

आजचं वाचन: मत्तय 3:16 ते 4:11
सोबत वाचा: निर्गम 17:1-7, अनुवाद 8:2-3, याकोब 4:7-8



युथ मीटिंग संपली की चहाच्या वेळी कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं. प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो. कॅम्पला गेलो होतो, देव अगदी जवळ वाटत होता, रडून प्रार्थना केली. घरी आलो आणि चार दिवसांत जुनं सगळं पुन्हा सुरू. मग कॅम्पमधलं ते खोटं होतं का? कुणाच्या बाबतीत तो रात्री एक वाजता हातात असलेला फोन असतो, कुणाच्या बाबतीत ऑफिसमधलं घरी सांगता न येणारं नातं, कुणाच्या बाबतीत पैसा. विषय वेगवेगळे असतात, पण शेवटचं वाक्य सारखंच येतं: देव आता लांब गेलाय.

हे वाक्य मीही खूप म्हटलंय. म्हणून आज फक्त त्याच्यावरच मनन करू या. मोह आला म्हणजे देव लांब गेला, हे पवित्र शास्त्र खरंच सांगतं का?

मत्तयाच्या शुभवर्तमानात तिसरा अध्याय कुठे संपतो आणि चौथा कुठे सुरू होतो ते बघा. यार्देन नदीत प्रभू येशूचा बाप्तिस्मा होतो, आकाश उघडतं, पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि पिता सर्वांसमोर सांगतो की हा माझा लाडका पुत्र आहे, याच्यावर मी संतुष्ट आहे. इथे अध्याय संपतो. आपण बायबल रोज एकेक अध्याय वाचतो, त्यामुळे पुढचा अध्याय दुसऱ्या दिवसावर जातो आणि मधला धागा तुटतो. पण मूळ लिखाणात अध्यायांचे आकडे नव्हतेच, ते कितीतरी शतकांनंतर घातले गेले. सलग वाचलं तर पित्याच्या त्या शब्दांनंतर लगेच पुढची ओळ येते, की आत्म्याने येशूला रानात नेलं आणि तिथे सैतान त्याची परीक्षा घेणार होता. मार्क तर 'लगेच' असंच लिहितो, आणि त्याने वापरलेलं क्रियापद इतकं जोरकस आहे की त्याचा अर्थ जवळजवळ 'बाहेर घालवलं' असा होतो (मार्क 1:12). लूक आणखी एक गोष्ट सांगतो: रानात गेला तेव्हा येशू पवित्र आत्म्याने भरलेला होता (लूक 4:1).

म्हणजे देवाची जवळीक सर्वांत जास्त होती, त्याच वेळी मोह आला. येशू कुठे चुकला म्हणून नाही, प्रार्थना कमी पडली म्हणूनही नाही. कॅम्पवरून परतल्यावर चौथ्या दिवशी तुला मोह झाला, एवढ्यावरून कॅम्पमधला अनुभव खोटा ठरत नाही.

ते रान कसं आहे तेही जरा डोळ्यांसमोर आणा. आपण 'रान' म्हटलं की झाडी आठवते, कोकणातली नाहीतर मेळघाटातली. यहूदियाचं रान तसं नाही. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही 250 मीटर खाली. मधल्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये जमीन एवढी खाली उतरते. चुनखडीचे उघडे डोंगर, खोल घळी, सावली जवळजवळ नाहीच. परंपरेने ज्या डोंगराला मोहाचा डोंगर म्हणतात तो यरीहोच्या अगदी लगत आहे आणि त्याच्या कड्यात आजही एक ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ आहे. अशा जागी चाळीस दिवस अन्नाशिवाय. शेवटी त्याला भूक लागली, असं मत्तय साधेपणाने लिहितो. मला ते वाक्य फार प्रिय आहे. आपला प्रभू उपाशी असताना मोहाला सामोरा गेला. एसीत बसून नाही.

इथे एका शब्दाबद्दल थोडं. मूळ ग्रीकमध्ये 'परीक्षा' आणि 'मोह' यांना एकच शब्द आहे, पेइरास्मोस. मराठीत आपल्याला दोन शब्द मिळाले, आणि त्यामुळे गोंधळही झाला. परीक्षा देव घेतो, मोह सैतान घालतो, अशी आपण सरळ वाटणी करतो. मत्तय 4:1 मध्ये दोन्ही एकाच वाक्यात आहेत. रानात नेणारा आत्मा आहे आणि पाडायला बघणारा सैतान आहे. प्रसंग एकच असतो, त्यात दोघांचे हेतू वेगळे असतात. याकोब स्पष्ट सांगतो की देव कुणालाही पापाचा मोह घालत नाही. प्रत्येक जण स्वतःच्याच वासनेने ओढला जातो आणि भुलतो (याकोब 1:13-14). तिथे 'भुलणे' यासाठी वापरलेला ग्रीक शब्द मासे पकडण्याच्या आमिषावरून आलाय. गळ दिसत नाही, आमिष दिसतं. आणि आमिष प्रत्येक माशासाठी वेगळं असतं. माझ्या मित्राला ज्यात काहीच वाटत नाही त्यात मी अडकतो, आणि उलटही.

आता आजच्या वाचनाच्या गाभ्याकडे येऊ. सैतानाने येशूला तीन गोष्टी सुचवल्या: दगडांची भाकर कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, मला नमन कर आणि जगाची राज्यं घे. (लूकमध्ये दुसरी आणि तिसरी यांचा क्रम उलटा आहे, काळजी करू नका, गोष्ट तीच आहे.) आपण सहसा यातून भूक, गर्व आणि सत्ता असे तीन धडे काढतो. ते चुकीचे नाहीत. पण पहिल्या दोन मोहांची सुरुवात कशाने होते ते ऐका. तू देवाचा पुत्र असशील तर... यार्देनवर पिता नुकताच जे बोलला होता, त्यालाच हात घातलाय. भाकर हे निमित्त आहे. खरा प्रश्न आतला आहे: तो म्हणाला खरा की तू त्याचा लाडका, पण बघ, चाळीस दिवस झाले, पोटात काही नाही, तो आहे कुठे?

प्रभूची तिन्ही उत्तरं अनुवादाच्या पुस्तकातून आहेत, 8:3, 6:16 आणि 6:13. ही वचनं त्याला सहज आठवली असं वाटू शकतं, पण तसं नाही. अनुवादाचे ते अध्याय इस्राएलाच्या रानातल्या चाळीस वर्षांविषयी आहेत. चाळीस वर्षं आणि चाळीस दिवस. जिथे इस्राएल पडलं, तिथेच हा पुत्र पुन्हा उभा राहतो.

त्यातलं 6:16 उघडा. तिथे मोशे लोकांना सांगतो, मस्सा इथे तुम्ही परमेश्वराची परीक्षा घेतली तशी पुन्हा घेऊ नका. मस्साला काय झालं होतं? निर्गम 17. लोक रफीदीम इथे तळ देऊन होते, प्यायला पाणी नव्हतं, मुलंबाळं आणि जनावरं तहानेने व्याकूळ झालेली. लोक मोशेशी भांडले. तहान लागणं हे पाप नव्हतं. पाणी मागणंही नव्हतं. त्या जागेचं नाव मस्सा का पडलं ते सातव्या वचनात सांगितलंय: परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही, असं म्हणून त्यांनी त्याची परीक्षा घेतली. हेच लोक तांबड्या समुद्रातून पार आले होते आणि त्यांनी मान्ना खाल्ला होता. तरी पाणी संपल्यावर पहिली शंका आली ती देवाच्या जवळ असण्याबद्दल.

मंदिराच्या शिखरावर सैतान येशूला हाच प्रश्न विचारायला लावत होता. उडी टाक, म्हणजे कळेल तो जवळ आहे की नाही. आणि त्यासाठी त्याने निवडलेलं वचन कुठलं? स्तोत्र 91. परात्पराच्या आश्रयात राहणाऱ्याचं स्तोत्र! संपूर्ण पवित्र शास्त्रात देवाच्या सान्निध्याबद्दल इतकं गोड स्तोत्र क्वचितच असेल, कितीतरी घरांत रात्री झोपण्याआधी ते वाचतात. सैतान त्याच स्तोत्रातलं 11-12 वचन घेऊन आला. पुढचं तेरावं मात्र त्याने घेतलं नाही, कारण त्यात सिंह आणि साप पायाखाली तुडवले जाण्याची गोष्ट आहे. (बायबलमधली वचनं व्हॉट्सॲपवर तोडून पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, माझ्यासकट.)

येशूने उडी टाकली नाही. पित्याच्या जवळिकीचा पुरावा त्याने मागितला नाही. पिता एकदा बोलला होता, तेवढं त्याला पुरे होतं. मला वाटतं मोहाशी लढण्याचं मर्म इथेच आहे, आणि आपण ते इच्छाशक्तीत शोधत बसतो.

आपण उडी कशी टाकतो? मंदिरावरून नाही टाकत. आपण म्हणतो, प्रभू, तू खरंच माझ्याजवळ असशील तर हा विचारच माझ्या मनातून काढून टाक. आज रात्री मोह आलाच नाही तर मी समजेन तू आहेस. मोह येतो, आणि आपण निकाल लावतो की तो नाही. मग नाहीच आहे म्हटल्यावर लढायचं कुणासाठी? अशा वेळी देव लांब गेलाय हे वाक्य नम्रतेचं वाटतं, पण ते पापाला दार उघडून देतं. मस्साचंच ते वाक्य आहे, आजच्या मराठीत.

उत्पत्ती 39 मध्ये याच्या अगदी उलट चित्र आहे. परमेश्वर योसेफाबरोबर होता, हे त्या अध्यायात चार वेळा येतं: दोनदा सुरुवातीला, पोटीफराच्या घरात, आणि दोनदा शेवटी, तुरुंगात. मधल्या वचनांत पोटीफराची बायको त्याच्या मागे लागते, एक दिवस नाही, दररोज. तो मोह देवाच्या सोबतीच्या आतच घडतो, बाहेर नाही. योसेफाने नकार दिला त्याचं फळ काय? झगा गेला, अब्रू गेली, नोकरी गेली, तुरुंग मिळाला. आपण साक्ष देताना नेहमी शेवट गोड करतो. शास्त्र तसं करत नाही. पण तुरुंगातही तेच वाक्य आहे: परमेश्वर त्याच्याबरोबर होता.

इथपर्यंत येशूचं आणि योसेफाचं झालं. ते पडले नाहीत. पण तुम्ही म्हणाल, आम्ही पडलोय त्याचं काय?

माझी गोष्ट सांगतो. पहिल्या नोकरीत मला क्लायंटकडे जायला लागायचं आणि प्रवासाचे पैसे ऑफिसकडून मिळायचे. मी बसने जायचो आणि रिक्षाचं लिहायचो. सगळेच लिहायचे. रक्कम एका वेळी शंभर-दीडशे, त्यात काय एवढं. पण मला माहीत होतं. एका रविवारी मंडळीत प्रभुभोजन होतं. ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते शेजारच्याकडे सरकवलं. मनाला जरा बरंही वाटलं, की मी निदान ढोंगी नाही. ठरवलं, आधी दोन-तीन महिने नीट राहायचं, मग घ्यायचं. पुढच्या महिन्यातही ताट सरकवलं. सात महिने सरकवत राहिलो. आणि बिलं? ती थांबली नाहीत. उलट वाढली. रोजची प्रार्थना सुटली, मग वचन, मग शुक्रवारची मीटिंग. मी देवाच्या आदरासाठी लांब राहतोय असं मला वाटत होतं. ताप उतरला की डॉक्टरकडे जाऊ, असं म्हणणाऱ्या माणसासारखं माझं चाललं होतं.

एका संध्याकाळी करिंथकरांस पहिले पत्र, अकरावा अध्याय वाचत होतो, खरं तर स्वतःला दोष द्यायलाच. अयोग्य प्रकारे खाणाऱ्याबद्दल पौल किती कडक लिहितो ते मला ठाऊक होतं. पण 28वं वचन मी कधी नीट वाचलंच नव्हतं. माणसाने स्वतःची पारख करावी, एवढंच मी लक्षात ठेवलं होतं. वचन पुढे जातं: आणि मग त्याने ती भाकर खावी. पारख करून परत जावं असं नाही. पारख करून यावं.

त्या रात्री मी हिशेब केला. तीन हजारांच्या वर रक्कम निघाली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सांगितलं. ते काही क्षण माझ्याकडे बघतच राहिले, मग म्हणाले पुढच्या क्लेममधून वजा करू, आणि विषय बदलला. कुठलाही चमत्कार झाला नाही. लाज मात्र खूप वाटली. पुढच्या प्रभुभोजनाला ताट आलं तेव्हा हात थरथरत होता, पण सरकवलं नाही.

एदेन बागेतली गोष्ट आपण फळापाशी थांबवतो. पण पुढे बघा. पाप झाल्यावर आदाम आणि हव्वेने अंजिराची पानं शिवली आणि देवाची चाहूल लागल्यावर ते झाडांमध्ये लपले. लांब कोण गेलं? देव तर बागेत आला होता आणि आदामाला विचारत होता की तू कुठे आहेस. मोहाची पहिली अर्धी लढाई सैतान फळ खाईपर्यंत लढतो. उरलेली अर्धी तो झाडाआड लढतो, आणि मला वाटतं त्याला दुसरी जास्त आवडत असावी, कारण तिथे आपण आपणहूनच त्याला साथ देतो.

पेत्राला हे पूर्ण माहीत होतं. महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीजवळ ऊब घेत असताना त्याने प्रभूला तीनदा नाकारलं (योहान 18). तेराव्या वचनाच्या आसपास शोधू नका, अठरावं बघा, शेकोटी तिथे आहे. नव्या करारात 'कोळशाची शेकोटी' हा शब्द आणखी एकाच ठिकाणी येतो, योहान 21:9 मध्ये. पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या समुद्रकिनारी सकाळी शेकोटी पेटवून, त्यावर मासे भाजत पेत्राची वाट बघत होता. पेत्राने काय केलं? होडी किनाऱ्याला लागायचीही वाट बघितली नाही, पाण्यात उडी टाकली. ही उडी मात्र योग्य होती! ज्या वासाने त्याला ती रात्र आठवली असेल, त्याच वासाकडे तो पोहत गेला. प्रभूने त्याला आधी जेवू घातलं. तीन प्रश्न न्याहारीनंतर विचारले.

आता व्यवहाराचं थोडं, कारण तुमच्यापैकी काहींना आज रात्रीसुद्धा मोह येणार आहे.

याकोब 4:7-8 मध्ये क्रम महत्त्वाचा आहे. आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला विरोध करा, मग देवाजवळ या, तो तुमच्याजवळ येईल. आपण पहिलं आणि तिसरं गाळून फक्त मधलं करायला जातो, दात-ओठ खाऊन, आणि अकरा वाजेपर्यंत टिकतो. इब्री 4:15-16 सांगतं की आपला महायाजक सर्व प्रकारे मोहातून गेलेला आहे, म्हणून धैर्याने जवळ यावं, म्हणजे ऐन वेळी साहाय्य मिळेल. ऐन वेळी! म्हणजे नंतर पश्चात्तापाच्या वेळीच नाही, तर बोट स्क्रीनवर असताना. तेव्हा प्रार्थना करायला आपल्याला लाज वाटते, जणू तोपर्यंत त्याला काही दिसतच नव्हतं. लांब प्रार्थना नको. "प्रभू, मला हे आत्ता हवंसं वाटतंय, आणि तू इथे आहेस" एवढं म्हटलं तरी झालं. खोटं बोलू नका की हवंसं वाटत नाही.

आणि पौल म्हणतो तो निभावण्याचा मार्ग (1 करिंथ 10:13) पुष्कळदा अगदी साधा असतो. फोन चार्जिंगला हॉलमध्ये लावा. पीजीमध्ये हॉल नसेल तर रूममेटच्या टेबलावर. योसेफाने चर्चा केली नाही, तो पळाला. मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला सगळं खरं सांगा, मुलांनी एखाद्या दादाला, मुलींनी एखाद्या ताईला. गोष्ट व्यसनापर्यंत गेली असेल तर समुपदेशकाकडे जाणं हा अविश्वास नाही. दमलेलं, उपाशी, जागरण झालेलं शरीर लवकर हार मानतं, म्हणून वेळेवर जेवा आणि झोपा. हेही आत्मिकच आहे.

एक शेवटची गोष्ट लूक सांगतो: सैतान गेला तो पुढच्या संधीपर्यंत (लूक 4:13). म्हणजे तो परत येणार. आज जिंकलात तरी परत येणार, हरलात तरी परत येणार. मत्तय मात्र हेही लिहितो की तो गेल्यावर देवदूत आले आणि त्यांनी येशूची सेवा केली. जे उडी टाकून मागायचं नव्हतं ते न मागता मिळालं, भाकरीसकट असावं असं मला वाटतं.

चला, प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू भुकेला होतास आणि एकटा होतास, तुला हे माहीत आहे. आज रात्री जो कुणी हे वाचतोय आणि झाडाआड उभा आहे, त्याला तुझी चाहूल लागू दे. मी सरकवलेलं ताट माझ्यापुढे पुन्हा आण. तू माझ्यात आहेस की नाही, हे विचारत बसण्याची माझी सवय तू काढून टाक. आणि उद्या सकाळी, मी पडलेलो असो वा उभा, मला तुझ्या शेकोटीपाशी बोलाव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.